तळ्यापर्यंत उतरणारा रस्ता कौन्सिल सोडून देणार म्हणतंय, हिअरिंगला काय बोलू?

मिरजकर_ईस्टसाइड

नमस्कार मंडळी. आम्ही सिअ‍ॅटलच्या समोर, लेक वॉशिंग्टनच्या पूर्व काठावरच्या एका लहान शहरात राहतो. शेजाऱ्यांची ओळख चव्हाट्यावर येऊ नये म्हणून शहराचं नाव लिहीत नाही.

आमच्या घरापासून थोडं चाललं की एक रस्ता सरळ तळ्याकडे उतरतो. डांबर संपतं तिथे लोखंडी कठडा आहे. दोन्ही बाजूंना लॉरेलची डोक्याच्या वर गेलेली कुंपणं, पुढे ब्लॅकबेरीचं काटेरी रान, त्यातून एक माणूस जाईल एवढी पायवाट आणि मग गोटे आणि पाणी. पाटी नाही, बाक नाही. कुणाचं तरी खासगी आवार असेल असं समजून बरेच लोक कठड्यावरूनच परत जातात. पण ज्यांना माहीत आहे ते येतात. माझा मुलगा हवा भरायची कयाक घेऊन तिथूनच पाण्यात उतरतो. एक व्हिएतनामी आजोबा उन्हाळ्यात संध्याकाळी पर्च मासे धरायला बसतात. माझे सासरे मिरजेहून आले की घडीची खुर्ची काखोटीला मारून रोज तिथेच. आभाळ स्वच्छ असलं तर दक्षिणेला माउंट रेनिअर अख्खा दिसतो.

आता दोन्ही बाजूंच्या घरमालकांनी मिळून अर्ज केलाय की हा शेवटचा तुकडा शहराने सोडून द्यावा, म्हणजे त्यावरचा सार्वजनिक हक्क काढून जमीन लगतच्या मालकांकडे जाऊ द्यावी. कौन्सिलने ठराव करून पुढच्या महिन्यात हिअरिंग ठेवलंय. स्टाफच्या अहवालात लिहिलंय की वाहतुकीला या तुकड्याची गरज नाही, देखभालीचा बोजा कमी होईल, किंमत मिळेल आणि जमीन खासगी झाली की प्रॉपर्टी टॅक्सही येईल. वाचून मलाच क्षणभर वाटलं की यात चूक ते काय. पण मन मानत नाही.

बोलायला तीन मिनिटं मिळतात. नवरा म्हणतो शेजारधर्म बिघडवू नकोस, आणि आपण ग्रीन कार्डवाले, सिटिझनसुद्धा नाही, आपलं कोण ऐकणार? मी जाऊ का? गेले तर काय बोलू?

रेडमंडचा_अभय

ताई, मी थोडं उलट बोलतो. ज्या जागेवर शहराने इतक्या वर्षांत साधी पाटी लावली नाही ती जागा शहराला नकोच आहे. किंमत घेऊन ते पैसे शाळेजवळच्या फुटपाथला लावले तर जास्त लोकांचं भलं होईल. काठावर मोठी पार्क आहेत की. चार-पाच लोकांच्या सोयीसाठी भांडण कशाला?

सर्व्हेकाका

ताई, जरूर जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. मी वकील नाही. सोलापूरकडे बांधकाम खात्यात मोजणीच्या साखळ्या ओढत कामाला सुरुवात केली आणि इथे एका शहराच्या रस्ते विभागात निवृत्त होईपर्यंत राइट ऑफ वेच्याच, म्हणजे रस्त्यांसाठी राखलेल्या सार्वजनिक जमिनींच्या, फायली हाताळल्या. त्यामुळे हे प्रकरण कुठे अडतं आणि कुठे अलगद सुटतं ते सांगू शकतो.

तुमच्या स्टाफचा अहवाल साध्या रस्त्याच्या मापाने लिहिलाय. गावातली बोळ सोडून द्यायची असेल तर तो पुरतो. रस्ता पाण्याला भिडत असेल तर वॉशिंग्टन राज्यात वेगळं कलम लागतं. आरसीडब्ल्यू (राज्याची कायदेसंहिता) 35.79.035, आलं 1987 साली. ते वाचा, फार मोठं नाही. त्याची सुरुवातच अशी आहे की गोड्या किंवा खाऱ्या पाण्याला लागलेला रस्ता शहराने सोडायचा नाही. अपवाद तीनच. शहरालाच ती जागा बंदर, किनारा, पार्क किंवा तत्सम सार्वजनिक कामासाठी घ्यायची असेल तर. किंवा त्याच काठावर तितकीच किंवा त्याहून चांगली वाट देणारी योजना शहराने मंजूर केली असेल तर. तुमच्या प्रकरणात हे दोन्ही दिसत नाहीत. उरतो तिसरा अपवाद, आणि सगळं घोडं तिथेच अडलंय.

तिसऱ्या अपवादात कौन्सिलला ठरावाने दोन गोष्टी जाहीर कराव्या लागतात. एक, हा तुकडा आज रस्ता म्हणून वापरात नाही. दोन, तो बंदर, किनाऱ्यापर्यंतची वाट, होड्या बांधणं, होडी पाण्यात सोडणं, पार्क, सार्वजनिक दृश्य, करमणूक, शिक्षण यांतल्या कुठल्याही कामाला योग्य नाही. ‘कुठल्याही’ हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. ‘वाहतुकीला गरज नाही’ याने हे सिद्ध होत नाही. तुमचे सासरे खुर्चीवर बसून रेनिअर बघतात, ते सार्वजनिक दृश्य. मुलगा कयाक सोडतो, ते दुसरं काम. आजोबा पर्च धरतात, ती करमणूक. एवढं कागदावर आलं की ‘योग्य नाही’ म्हणताना कौन्सिलची पंचाईत होते.

बरं, हे नुसतं जाहीर करून भागत नाही. आधी त्या तळ्याला भिडणाऱ्या शहरातल्या सगळ्या राइट ऑफ वेची यादी करायची, या तुकड्याच्या उपयुक्ततेचा अभ्यास करायचा, मग हिअरिंग घ्यायचं आणि शेवटी निष्कर्ष नोंदवायचा. ही यादी आणि हा अभ्यास आजच मागा. पब्लिक रेकॉर्ड्सचा अर्ज ईमेलने करता येतो, आणि कामाच्या पाच दिवसांत त्यांना काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. मोठ्या शहरांत ही यादी तयार असते. लहान शहरात बहुधा कुणी केलेलीच नसते. मी स्वतः एका काठाची यादी केली आहे. जुने प्लॅट, म्हणजे जमिनीच्या आखणीचे नोंदवलेले नकाशे, काढून बसलो तर एकेका रस्त्याचं टोक कुणाच्या तरी लॉनखाली सापडायचं.

अभयराव, पैशाचं म्हणाल तर या कलमाखाली पूर्ण बाजारभाव भरल्याशिवाय रस्ता सुटत नाही, आणि आलेला पैसा फुटपाथला लावता येत नाही. नवी किनाऱ्याची वाट, पाणी दिसेल अशी जागा, होडी बांधायची किंवा सोडायची जागा हे विकत घ्यायलाच तो वापरायचा, असं कायद्यातच आहे. म्हणजे इथली वाट विकून दुसरीकडची वाट घ्यायची. या तळ्याकाठी आज जमिनीचे भाव काय आहेत ते तुम्हीच बघा, आणि तेवढ्या पैशात दुसरी वाट मिळेल का ते सांगा. प्रॉपर्टी टॅक्सचा मुद्दा अहवालात नुसता तोंडी लावायला आहे.

मोठी पार्क आहेत हे खरं. पण पार्कला गाडी लागते. चालत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या गल्लीचं टोकच उपयोगी पडतं. काठावरची बरीचशी जमीन पाण्यापर्यंत आणि कित्येक ठिकाणी पाण्याखालीही खासगी आहे, कारण राज्य सरकार स्वतःच 1971 पर्यंत किनाऱ्याच्या जमिनी विकत होतं. त्या विक्रीतून वाचलेल्या फटी म्हणजे ही रस्त्यांची टोकं. सिअ‍ॅटलमध्ये अशी जवळजवळ दीडशे टोकं आहेत. 1996 साली तिथल्या कौन्सिलने ठराव 29370 करून ती लोकांसाठी राखायचं धोरण ठरवलं. तेव्हापासून एकेक टोक मोकळं होतंय. कुठे बाक, कुठे पायऱ्या, कुठे नुसती पाटी.

आता धोक्याची जागा. 1916 साली तळं समुद्राला जोडणाऱ्या शिप कॅनॉलसाठी लेक वॉशिंग्टनची पातळी जवळजवळ नऊ फूट खाली आणली. पाणी मागे हटलं आणि जुन्या काठापुढे नवी जमीन उघडी पडली. तुमच्या रस्त्याचा प्लॅट त्याआधीचा असेल तर नकाशावर रस्ता जिथे संपतो आणि आज जिथे पाणी लागतं, त्यांच्यामध्ये एक पट्टी असू शकते. ती पट्टी खासगी निघाली तर अर्जदारांचा वकील उभा राहून म्हणेल की रस्ता पाण्याला भिडतच नाही, सबब हे कलम लागूच नाही. म्हणून प्लॅटची तारीख बघा आणि शहराकडे सर्व्हे आहे का विचारा. त्याच जोडीने आणखी एक तपासा. 1890 चा एक जुना कायदा आहे. शहराबाहेरच्या प्लॅटमध्ये दाखवलेला रस्ता त्या काळात पाच वर्षं उघडलाच नाही तर तो आपोआप रद्द व्हायचा. 1904 च्या आधीच्या प्लॅटना हे भोवतं. रस्ता डांबरी आहे, कठडा शहराचा आहे, म्हणून सगळा तुकडा शहराचाच असं धरून चालू नका.

कागद किती बोलतो ते सिअ‍ॅटलच्या उत्तर भागात दिसलं. एनई 130 व्या रस्त्याच्या टोकाचा लहानसा किनारा लोक कित्येक दशकं वापरत होते. शेजारच्या घरमालकांनी कोर्टात 1930 च्या दशकातल्या एका जुन्या आदेशातला दोष दाखवला, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि तिथे कुंपण आलं. मग शहराला तोच तुकडा सक्तीच्या संपादनाने, पैसे मोजून परत मिळवावा लागला. तिथे निदान शहर लोकांच्या बाजूने उभं राहिलं. तुमच्याकडे शहर आपण होऊन हक्कावर पाणी सोडायला निघालंय. असा सोडलेला रस्ता परत आलेला माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिला नाही.

सिटिझन नसण्याचा अजिबात बाऊ करू नका. हिअरिंगला बोलायला नागरिकत्व लागत नाही. ‘आधी होऊ दे, मग कोर्टात जाऊ’ असंही मनात आणू नका. शेजारच्या जमिनीचा मालक नसलेल्याला स्वतःचं वेगळं, विशेष नुकसान दाखवावं लागतं आणि ते फार जड जातं. तुमची जागा हिअरिंगच.

काठावरचे_देशपांडे

मी याच तळ्याला लागून राहतो, दुसऱ्या शहरात, आणि माझ्या कुंपणाला लागून असंच एक टोक आहे. काकांचं कायद्याचं म्हणणं मान्य. पण आमची बाजूही ऐका. जुलैत रात्री एक-दीडपर्यंत गाड्या उभ्या असतात, मोठ्याने गाणी, काठावर जाळ. उन्हाळा कोरडा असतो. एकदा ठिणगी सीडरच्या कुंपणापर्यंत आली होती. पोलिसांना फोन करून करून थकलो. सकाळी बाटल्या मी उचलतो. माझ्या आईला झोप लागत नाही. अर्ज करणारे सगळेच जमीन लाटायला बसलेले नसतात. काहींना फक्त शांत झोप हवी असते.

सर्व्हेकाका

देशपांडे, तुमचा त्रास खरा आहे आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. मी अशा तक्रारींच्या जागी रात्री जाऊन उभा राहिलोय. पण तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला वेगळा इलाज आहे. रात्री दहा ते सकाळी जागा बंद, तशी पाटी आणि तसा नियम. डांबर संपतं तिथे खांब रोवले की गाडी पाण्यापर्यंत जात नाही. रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात रात्रीचं पार्किंग बंद. जाळावर बंदी आणि फायर विभागाचा फोन नंबर पाटीवरच. कचऱ्याचा डबा ठेवून तो उचलायची जबाबदारी पार्क विभागाकडे. या सगळ्याचा खर्च जमिनीच्या एका अप्रेझलच्या (मूल्यांकनाच्या) आणि वकिलांच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

आणि एक अनुभव. जाळी-झुडपं वाढलेलं, अंधारं टोक असतं तिथेच रात्रीचा धुडगूस जास्त. साफ करून बाक टाकला की सकाळी फिरणारी, मुलांना घेऊन येणारी माणसं यायला लागतात, आणि त्यांच्या डोळ्यांचा पहारा बसतो. माझ्या शहरात एका टोकाला शेजारच्याच बाईंनी रान साफ करायला पुढाकार घेतला. आधी त्यांनीच रस्ता बंद करा म्हणून पत्र दिलं होतं.

तुमच्या शहराच्या कौन्सिलकडे हे मागा, मी मसुदा करून देतो. आणि मिरजकर ताई, तुमच्या हिअरिंगला अर्जदार रात्रीच्या त्रासाचं बोलले तर त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. ‘तुमची झोप आम्हालाही महत्त्वाची वाटते, म्हणून रात्रीची बंदी आणि खांब आम्हीच मागतोय’ असं म्हणा. यजमानांची शेजारधर्माची काळजीही त्यात मिटेल.

पवईकर

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. पवई तलावाकाठी महापालिकेने सायकल ट्रॅक घालायला घेतला होता. आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी याचिका केली आणि मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं, जागा पूर्ववत करायला सांगितलं. तिथे प्रश्न उलटा होता, लोकांसाठी म्हणून तलावात बांधकाम. पण पाणी आणि काठ सरकारच्या मालकीचे नसून सरकार त्यांचं विश्वस्त आहे हे तत्त्व आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 1996 च्या कमलनाथ निकालात घेतलं, आणि ते घेताना अमेरिकेतल्या 1892 च्या इलिनॉय सेंट्रल खटल्याचा आधार घेतला. तो खटला शिकागोच्या लेक मिशिगनच्या काठाचा. राज्याने तळ्याखालची जमीन रेल्वे कंपनीला देऊन टाकली होती आणि मग ती परत घेतली. ताईंना हे हिअरिंगमध्ये वापरता येईल का?

सर्व्हेकाका

पवईकर, तत्त्व अगदी बरोबर आणि वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टानेही ते 1987 साली मान्य केलंय. पण तीन मिनिटांत त्याला हात घालू नये असं मला वाटतं. विश्वस्ताचं तत्त्व पाण्याचं आणि पाण्याखालच्या जमिनीचं. रस्ता काठावर. शहराचा वकील पहिल्याच वाक्याला तो फरक काढेल आणि ताईंचा वेळ त्यात जाईल. लेखी पत्रात एक परिच्छेद जरूर घाला.

मिरजकर_ईस्टसाइड

काका, सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलेलं कलम बाहेर छापून भिंतीला लावलंय. तीन गोष्टी कळल्या त्या सांगते.

रेकॉर्ड्सच्या अर्जाला उत्तर आलं. तळ्याला भिडणाऱ्या राइट ऑफ वेच्या यादीची विचारणा केली तर लिहितात, असा दस्तऐवज उपलब्ध नाही. अभ्यास म्हणून जो पाठवलाय तो स्टाफचा तोच अहवाल, पुढे एक नकाशा जोडून.

दुसरं, आज कठड्यावरची नोटीस नीट वाचली आणि फोटो काढला. त्यात ‘रस्त्याचा भाग सोडून देण्याबाबत सार्वजनिक सुनावणी’ एवढंच आहे, तारीख आणि वेळ. बाकी काही नाही.

तिसरं, प्लॅट मिळाला. 1920 च्या दशकातला आहे आणि त्यात रस्त्याची रेघ थेट पाण्याच्या रेघेपर्यंत नेलेली दिसते.

शिवाय व्हिएतनामी आजोबांना मुलाने फोनवर भाषांतर करून सगळं सांगितलं. ते दोन शेजाऱ्यांना घेऊन येणार म्हणाले. नवराही येतोय, बोलणार नाही म्हणतो, पण येतोय. अहवालात एक पावसाळी पाइपचा उल्लेख आहे, त्या तुकड्याखालून तळ्यात जाणारा. त्याचा आपल्याला काही उपयोग?

सर्व्हेकाका

ताई, प्लॅट पातळी उतरल्यानंतरचा आणि रेघ पाण्यापर्यंत, म्हणजे माझी सगळ्यात मोठी धास्ती संपली. त्या पानाची प्रत मोठी करून न्या आणि कौन्सिलसमोर धरा. 1890 चा कायदाही तुम्हाला लागत नाही.

नोटिशीचा फोटो जपून ठेवा, तारीख-वेळेसकट. पाण्याला लागलेल्या रस्त्याच्या नोटिशीत ही सार्वजनिक वाट आहे, ती सोडून द्यायचा प्रस्ताव आहे, आणि हरकत असेल तर हिअरिंगला या किंवा अमुक अधिकाऱ्याला पत्र लिहा, असं स्पष्ट लिहावं लागतं, कलमातच आहे. तुमच्या फोटोत ते नाही. यादीही नाही. या दोन त्रुटी समोर आल्यावर कौन्सिलने त्या रात्री मत घेणं शहाणपणाचं नाही, आणि त्यांचा वकील त्यांना तेच सांगेल. तुमची मागणीही तीच ठेवा. आधी यादी आणि अभ्यास करा, नोटीस नीट लावा, मग पुन्हा हिअरिंग घ्या. ‘अर्ज फेटाळा’ ही मागणी लेखी पत्रात ठेवा.

पाइपचं म्हणाल तर त्यावर वेळ घालवू नका. रस्ता सोडताना शहर पाइपपुरता हक्क राखून ठेवू शकतं, ती तरतूद नेहमीची आहे. पण एक ओळ बोला: पाइप दुरुस्तीला शहराला तिथे कायम जावं लागणार असेल तर देखभालीचा बोजा कमी होतो कुठे?

क्रम असा ठेवा. पहिल्या मिनिटात तिथे कोण येतं आणि काय करतं, फोटोसकट, आणि सासऱ्यांचं त्यांच्याच शब्दांतलं दोन ओळींचं पत्र वाचा. दुसऱ्या मिनिटात कलम, त्यातलं ‘कुठल्याही’, आणि नसलेली यादी. तिसऱ्यात नोटीस, रात्रीची बंदी, खांब, आणि तुमची मागणी. आजोबा आपल्या भाषेत बोलणार असतील तर दुभाषा लागेल असं सिटी क्लार्कला आधीच कळवा.

लेखी पत्र हिअरिंगच्या आदल्या दिवसापर्यंत क्लार्ककडे पोचलं पाहिजे, सगळे फोटो आणि प्लॅटची प्रत जोडून. समक्ष दिलंत तर शिक्का मारलेली पोच घ्या. ईमेलने दिलंत तर ‘रेकॉर्डवर घ्यावे’ हे शब्द विषयातच लिहा. मसुदा रविवारी संध्याकाळपर्यंत मला पाठवा, मी वाचून देतो.